उमरावाचा किताब दूरच्या भाऊबंदाकडे कसा जातो?

प्रश्न असा आहे: एखादा ब्रिटिश ड्यूक किंवा अर्ल मुलगा नसताना वारला की बातमी येते, किताब ऑस्ट्रेलियातल्या नाहीतर कॅनडातल्या कुणा लांबच्या चुलतभावाला मिळाला. त्याने गेलेल्या माणसाचं तोंडही कधी पाहिलेलं नसतं. घरात सख्ख्या मुली असताना असं कसं होतं? हा भाऊबंद शोधून कोण काढतं? आणि वाडा, जमीनजुमला हेही त्यालाच मिळतं का?

मी वंशावळींचं काम करतो. त्यातला बराच वेळ ब्रिटिश घराण्यांतल्या, हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या धाकट्या मुलांच्या मागे जातो, त्यामुळे उदाहरणं इकडे संबंध असलेलीच जास्त येतील.

आधी मुद्द्याचं. ‘गेलेल्या माणसाच्या सगळ्यात जवळचं कोण?’ हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. किताब राजाने कधीतरी कुणा एकाला सनद देऊन दिलेला असतो (मोठ्यापासून लहान असा क्रम: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन). तो या किताबाचा मूळपुरुष. सनदेत बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं की हा किताब त्याला आणि त्याच्या पोटच्या औरस वंशातल्या पुरुषांना, पुरुषांकडूनच, थोरलेपणाच्या क्रमाने मिळावा. शेवटचा धनी हा त्या साखळीतला फक्त एक दुवा. तो निपुत्रिक गेला की वंशवृक्षावर एक पिढी वर चढायचं आणि धाकट्या पातीत, म्हणजे शाखेत, पुरुष आहे का बघायचं. नसेल तर आणखी एक पिढी वर. असं करत मूळपुरुषापर्यंत जाता येतं. त्याच्या वर मात्र नाही. मूळपुरुषाच्या सख्ख्या भावाच्या वंशात शंभर पुरुष असले तरी त्यांचा काही संबंध नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या गमती आपोआप सुटतात. 1860 साल घ्या. त्या जुलैत तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन वारला. 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर असलेला हा माणूस. हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव एल्फिन्स्टन सर्कल आणि प्रभादेवी स्टेशनचं 2018 पर्यंतचं नाव एल्फिन्स्टन रोड, ते याच्यावरून. (कॉलेजवाला एल्फिन्स्टन वेगळा. तो माउंटस्टुअर्ट, याचा काका.) तेराव्या लॉर्डने लग्न केलं नव्हतं. त्याच्याकडे दोन किताब होते: घराण्यातली जुनी स्कॉटिश लॉर्डकी, आणि 1859 मध्ये नव्याने मिळालेली बॅरनी. नवी बॅरनी त्याच्याबरोबरच संपली, कारण तिचा मूळपुरुष तोच आणि वंश नाही. जुनी लॉर्डकी सख्ख्या चुलतभावाकडे गेली. तोही पुढच्याच जानेवारीत वारला. मग आणखी वर चढून दहाव्या लॉर्डच्या एका धाकट्या मुलाच्या नातवाला पंधरावा लॉर्ड केलं गेलं. माउंटस्टुअर्ट नोव्हेंबर 1859 मध्ये अविवाहित वारला होता. आणखी सव्वा वर्ष जगला असता तर क्रमाने किताब त्याच्या दारात आला असता. हयातीत गव्हर्नर-जनरलपद नाकारलेला हा गृहस्थ म्हातारपणी लॉर्ड झाल्यावर काय म्हणाला असता, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

त्याच वर्षी डिसेंबरात डलहौसी वारला. सातारा 1848 मध्ये, नागपूर आणि झाशी 1854 मध्ये, ‘औरस मुलगा नाही आणि दत्तक आम्हाला मंजूर नाही’ म्हणून खालसा करणारा हाच तो. पंजाब जिंकल्याबद्दल 1849 मध्ये त्याला मार्क्वेस केलं होतं. त्याला मुली दोन, मुलगा नाही. मार्क्वेसचा किताब जागच्या जागी संपला. मराठी वाचकाला यात काव्यगत न्याय दिसणार, आणि थोडा आहेही. पण पुढचं पाहा. त्याच्याकडे 1633 चं घराण्याचं जुनं अर्लपदही होतं, ते सख्ख्या चुलतभावाकडे गेलं. हा फॉक्स मॉल, क्रिमियन युद्धाच्या काळातला युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर. तोही 1874 मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा अर्लपद आणखी एका चुलतभावाकडे, एका अॅडमिरलकडे गेलं. तिघांचे आजोबा एकच, आठवा अर्ल. म्हणजे ज्या किताबाचा मूळपुरुष दोनशे वर्षांपूर्वीचा, तो भाऊबंदांच्या आधाराने तरला, आणि ज्याचा मूळपुरुष स्वतः डलहौसी, तो एका पिढीत गेला. शिवाय मार्क्वेसचा किताब संपला म्हणून कुणी त्याच्या मुलींच्या घरावर टाच आणली नाही. साताऱ्यात गादी आणि मुलूख दोन्ही गेले. स्कॉटलंडात गेलं ते फक्त नाव. इंग्रजांच्या वारसाहक्काबद्दल बोलताना हा फरक मला फार मोठा वाटतो.

आता एक घराणं सविस्तर बघू, कारण त्यात सगळा खेळ एकाच जागी दिसतो. पोर्टलंडचे बेंटिंक. हॉलंडहून राजा तिसऱ्या विल्यमबरोबर हान्स विलेम बेंटिंक इंग्लंडात आला आणि 1689 मध्ये अर्ल ऑफ पोर्टलंड झाला. पहिल्या बायकोपासूनचा मुलगा हेन्री दुसरा अर्ल. त्याला 1716 मध्ये ड्यूक केलं. इथे लक्षात ठेवायचं ते हे: अर्लपदाचा मूळपुरुष बाप, ड्यूकपदाचा मूळपुरुष मुलगा. पुढे पावणेतीनशे वर्षं दोन्ही किताब एकाच माणसाकडे राहिले, म्हणून हा फरक कुणाच्या लक्षातही आला नाही.

तिसरा ड्यूक दोनदा पंतप्रधान झाला. त्याच्या मुलांपैकी चार इथे महत्त्वाचे. थोरला चौथा ड्यूक. दुसरा लॉर्ड विल्यम, आपल्याकडचा गव्हर्नर-जनरल, 1829 मध्ये सतीबंदी करणारा. तिसरा लॉर्ड चार्ल्स, चौथा लॉर्ड फ्रेडरिक. थोरल्या पातीचा शेवट पाचव्या ड्यूकवर झाला. हा वेलबेक इथल्या वाड्याखाली भुयारं खोदत बसलेला, माणसांना टाळणारा, अविवाहित गृहस्थ. 1879 मध्ये तो वारला. त्याचे भाऊ आधीच गेले होते. मग वर चढा: बाप चौथा ड्यूक, त्याच्या वंशात पुरुष उरला नाही. आजोबा तिसरा ड्यूक, त्याचा दुसरा मुलगा लॉर्ड विल्यम, पण त्याला मूल नव्हतं. तिसरा मुलगा लॉर्ड चार्ल्स, त्याचा नातू हजर. 21 वर्षांचा हा पोरगा सहावा ड्यूक झाला आणि वेलबेकचा धनीही झाला. सतीबंदीवाल्या बेंटिंकला मुलगा-नातू असते तर हे सगळं त्यांच्याकडे गेलं असतं.

सहाव्याचा मुलगा सातवा ड्यूक. त्याला दोन मुली. 1977 मध्ये तो वारला आणि लॉर्ड चार्ल्सची पातीही संपली. मग चौथ्या मुलाची, लॉर्ड फ्रेडरिकची पाती. तिथले दोन भाऊ एकामागून एक आठवा आणि नववा ड्यूक झाले. सातवा आणि आठवा यांचा खापरपणजोबा एक, एवढं नातं. नववा ड्यूक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हेरखात्यांच्या संयुक्त समितीचा अध्यक्ष होता आणि नंतर पोलंडमध्ये राजदूत. त्याचा एकुलता मुलगा 1966 मध्येच गेला होता. 1990 मध्ये नववा ड्यूक वारला आणि आता हेन्रीच्या, म्हणजे पहिल्या ड्यूकच्या, वंशात एकही पुरुष उरला नाही. ड्यूकपद संपलं.

पण अर्लपदाला आणखी एक पिढी वर चढायची मुभा होती. पहिल्या अर्लला दुसऱ्या बायकोपासून विलेम नावाचा मुलगा होता. तो हॉलंडला गेला, तिकडेच स्थायिक झाला, त्याचे वंशज डच आणि जर्मन उमराव झाले. 1918 मध्ये जर्मनीचा कैसर पळून हॉलंडात आला तेव्हा ज्याच्या वाड्यात उतरला तो काउंट बेंटिंक याच पातीतला. या पातीतली एक शाखा परत इंग्लंडात आली होती. तिच्यातला हेन्री बेंटिंक 1990 मध्ये अकरावा अर्ल ऑफ पोर्टलंड झाला. ज्याच्याकडून किताब आला त्याचं आणि याचं नातं जोडायला तीनशे वर्षं मागे, 1689 च्या माणसापर्यंत जावं लागतं. त्याचा मुलगा सध्याचा बारावा अर्ल. तो नट आहे, बीबीसी रेडिओवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या एका मालिकेतला आवाज म्हणून घराघरांत माहीत आहे, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर ‘फटीकडे लक्ष द्या’ ही सूचना बरीच वर्षं त्याच्याच आवाजात ऐकू यायची.

असंच 1988 मध्ये न्यूकॅसलच्या ड्यूकचं झालं. नोव्हेंबरात नववा ड्यूक वारला, पतंग-फुलपाखरांचा अभ्यासक असलेला दहावा ड्यूक नाताळच्या दिवशी वारला, ड्यूकपद संपलं. 1572 चं लिंकनचं अर्लपद मात्र ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका भाऊबंदाकडे गेलं. तुम्ही बातम्यांत वाचता ती ‘दूरच्या चुलतभावाची’ प्रकरणं बहुतेक याच साच्यातली असतात: वरचा, नवा किताब तुटतो आणि खालचा, जुना किताब लांबवर जाऊन कुणाला तरी सापडतो.

सनदेतल्या एकेका शब्दाने काय होतं त्याचे दोन नमुने सांगतो. एडवर्ड सीमोरला 1547 मध्ये ड्यूक ऑफ सॉमरसेट केलं तेव्हा सनदेत पहिल्या बायकोची मुलं मागे ढकलली होती. आधी दुसऱ्या बायकोचा वंश, तो संपला तरच पहिलीचा. ड्यूकपद मध्ये 1552 ते 1660 जप्त होतं, पण भोगलं ते धाकट्या पातीनेच. 1750 मध्ये ती पाती संपली आणि वयाने थोरल्या असलेल्या पातीतला एक बॅरोनेट (बॅरनच्या खालचा वंशपरंपरागत किताब असलेला) आठवा ड्यूक झाला. दुसरा नमुना डेव्हनचा. 1553 मध्ये राणी मेरीने एडवर्ड कोर्टनीला अर्ल केलं. सनदेत ‘पुरुष वारस’ एवढंच लिहिलं, ‘पोटच्या वंशातले’ हे शब्द राहून गेले किंवा मुद्दाम ठेवले नाहीत. तीन वर्षांत तो इटलीत अविवाहित वारला आणि सगळ्यांनी किताब संपला असं धरलं. 1831 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की ते शब्द नसल्यामुळे मूळपुरुषाच्या वरच्या पिढ्यांतले भाऊबंदही चालतात. म्हणून पॅरिसमध्ये राहणारा व्हायकाउंट कोर्टनी नववा अर्ल ठरला. मधले सात अर्ल कागदावरच मोजले, त्यांना हयातीत कल्पनाही नव्हती की आपण अर्ल आहोत. मूळपुरुषाच्या वर जाता येत नाही हे मी आधी म्हटलं, त्याला हा मोठा अपवाद. पण अपवाद म्हणूनच धरा.

मुलींचं काय? वरच्या पद्धतीच्या सनदेत मुलगी वारस नाही आणि मुलीचा मुलगाही नाही. हे बदलायचं तर सनदेतच तशी सोय असावी लागते. पहिल्या मार्लबरोच्या ड्यूकला मुलगा उरला नाही तेव्हा 1706 मध्ये पार्लमेंटचा खास कायदा करून किताब मुलींना जाईल असं ठरवलं, म्हणून त्याची थोरली मुलगी 1722 मध्ये स्वतः डचेस झाली. कानपुरात जन्मलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सचा मुलगा बोअर युद्धात पडला, 1901 मध्ये रॉबर्ट्सला अर्ल करताना मुलींची सोय सनदेत घातली. माउंटबॅटनला मुलीच होत्या हे 1947 मध्ये सगळ्यांना दिसतच होतं, त्याच्याही सनदेत मुलींना वाट ठेवली होती आणि 1979 मध्ये थोरली मुलगी काउंटेस झाली.

दुसरी वाट फार जुन्या इंग्लिश बॅरन्यांची. मध्ययुगात राजाने नुसतं पार्लमेंटला बोलावणं धाडल्यामुळे ज्या निर्माण झाल्या, त्या मुलींकडे जाऊ शकतात. पण इंग्लंडात मुलींमध्ये थोरली-धाकटी मानत नाहीत. एकच मुलगी असेल तर तिला मिळतं. दोन-तीन असतील तर सगळ्यांचा हक्क सारखा, आणि किताबाची वाटणी होत नाही, म्हणून तो अधांतरी लटकतो. बहिणींच्या वंशांपैकी एकच उरेपर्यंत, किंवा राजा त्यांच्यातल्या एकाच्या बाजूने निर्णय देईपर्यंत. ग्रे ऑफ कॉडनर ही बॅरनी 1496 पासून 1989 पर्यंत अशी लटकलेली होती. आता शंभर वर्षांहून जास्त काळ लटकलेल्या किताबाचे असे अर्ज सहसा घेतले जात नाहीत. 1927 पासूनचं धोरण आहे ते. ग्रे ऑफ कॉडनरचा अर्ज त्याआधीचा म्हणून धकला. स्कॉटलंडात मात्र थोरल्या बहिणीचा हक्क आधी, त्यामुळे तिथे हा गुंता होत नाही.

एकाच माणसाचे किताब एकाच क्षणी वेगवेगळ्या दिशांना कसे जातात ते वेलिंग्टनमध्ये दिसतं. 1803 मध्ये जालन्याजवळ असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि स्पेनने त्याला सियुदाद रोद्रिगोचा ड्यूक केलं. 1943 मध्ये सहावा ड्यूक इटलीत सालेर्नोच्या लढाईत अविवाहित मारला गेला. ब्रिटिश किताब काकाकडे गेला. स्पॅनिश नियमाने तिकडचा किताब बहिणीकडे गेला. तिने काही वर्षांनी तो काकाला सोडून दिला, म्हणून आज दोन्ही पुन्हा एका हाती आहेत.

वाडा आणि जमीन. किताबाची सनद एक, मालमत्तेची कागदपत्रं वेगळी. पूर्वी घराणी जमिनीला अशी बंधनं घालून ठेवत की ती किताबाबरोबरच फिरावी आणि कुणा एका धन्याला विकता येऊ नये. विसाव्या शतकात वारसाकर वाढले, कायदे बदलले आणि ही बंधनं बहुतेक ठिकाणी सुटली. पोर्टलंडचंच बघा. 1879 मध्ये पाचवा ड्यूक गेला तेव्हा लंडनमधला मेरिलबोनचा पट्टा, डॉक्टरांची हार्ले स्ट्रीट ज्यात येते तो, बहिणींकडे गेला आणि पुढे हॉवर्ड डी वॉल्डन घराण्याकडे. आजही तो त्यांचाच आहे. 1977 मध्ये वेलबेक थोरल्या मुलीकडे राहिलं. आठव्या-नवव्या ड्यूकला मिळालं ते नाव. 1996 मध्ये दहावा ड्यूक ऑफ अथोल अविवाहित गेला. त्याने ब्लेअर कॅसल आणि बहुतेक जमीन आधीच न्यासाकडे सोपवली होती, आणि ड्यूकपद दक्षिण आफ्रिकेतल्या एका भाऊबंदाकडे गेलं. तो तिथे जमीन मोजणीचं काम करायचा.

वाडाही मिळाला तर सुख लागतं असंही नाही. अर्ल ऑफ एग्मॉन्टचा किताब 1929 नंतर कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात गुरं राखणाऱ्या एका पर्सिव्हलकडे आला. तो आपल्या मुलाला घेऊन हॅम्पशरमधल्या एव्हन कॅसलमध्ये राहायला आला. आजूबाजूच्या बड्या मंडळींनी त्यांना जवळ केलं नाही, आणि त्याच्या हक्कावर दुसरे दावेदारही उभे राहिले. 1932 मध्ये मोटार अपघातात तो वारला. मुलाचा हक्क 1939 मध्ये सिद्ध झाला, पण मुलगा राहिला तो आल्बर्टातच, आपल्या गुरांकडे. 2011 मध्ये किताब संपला. एग्मॉन्टच्या या पोराबद्दल मला आदरच वाटतो.

आता वारस शोधतं कोण? सरकार शोधत नाही. ज्याला हक्क आहे असं वाटतं त्याने स्वतःच्या खर्चाने सिद्ध करायचं. पूर्वी वादाची प्रकरणं हाउस ऑफ लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीपुढे चालायची. 2004 पासून उमरावांची एक अधिकृत नोंदवही आहे. तिच्यात नाव चढल्याशिवाय सरकारी कागदांत तुम्हाला उमराव म्हणून संबोधत नाहीत. साध्या प्रकरणात जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले आणि शपथपत्रं पुरतात. दूरच्या भाऊबंदाचं प्रकरण साधं नसतं. त्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: आपण मूळपुरुषाचे वंशज आहोत ही सोपी, आणि आपल्याहून थोरल्या प्रत्येक पातीत पुरुष उरलेला नाही ही जिवावर येणारी.

ही दुसरी गोष्ट बहुधा हिंदुस्थानात येऊन अडते. धाकट्या मुलाला जमीन मिळत नसे, म्हणून तो सैन्यात, आरमारात, चर्चमध्ये नाहीतर कंपनीच्या नोकरीत जायचा. वंशावळीत त्याच्यापुढे ‘मुंबईत वारला’ एवढंच लिहून ओळ थांबते. लग्न झालं होतं का, मुलगा होता का, याबद्दल अवाक्षर नाही. मग ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात बसायचं. तिथे चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती इलाख्यांप्रमाणे लावलेल्या आहेत: एन 1 बंगाल, एन 2 मद्रास, एन 3 मुंबई. पुण्या-खडकीच्या, कुलाब्याच्या, अहमदनगरच्या छावण्यांमधल्या नोंदी एन 3 मध्ये. दफनाची नोंद माणूस मेला हे सिद्ध करते. तो निपुत्रिक मेला हे सिद्ध करत नाही. त्यासाठी मृत्युपत्र, वर्गणीदार असेल तर विधवा-पोरक्यांच्या फंडाचे कागद, पलटणीचे कागद, असं फिरावं लागतं. आणि मग कुठेतरी मृत्युपत्रात ‘माझ्या घरी राहणारी बाई आणि तिची मुलं’ असा उल्लेख निघतो. लग्न झालेलं नसेल तर त्या मुलांचा किताबाशी संबंध नाही. पण झालं नव्हतं हे दाखवायचं कसं?

याचा सगळ्यात सुंदर गुंता गार्डनर घराण्यात आहे. अॅडमिरल अॅलन गार्डनर पहिला बॅरन. त्याचा पुतण्या विल्यम लिनियस गार्डनर यशवंतराव होळकरांच्या चाकरीत होता, खंबायतच्या नवाब घराण्यातल्या बेगमेशी त्याने लग्न केलं आणि पुढे उत्तर प्रदेशातल्या कासगंजला स्थायिक झाला. हा पुतण्या, म्हणजे मूळपुरुषाच्या भावाचा मुलगा. त्याच्या वंशाला किताब मिळूच शकत नाही. पण पहिल्या बॅरनच्या एका धाकट्या मुलाचे वंशजही याच कासगंजच्या गोतावळ्यात मिसळले. 1883 मध्ये तिसरा बॅरन औरस मुलाशिवाय वारला, तेव्हापासून किताब सुप्तावस्थेत आहे. दावा लावून तो शेवटपर्यंत कुणी नेला नाही. तिसऱ्या बॅरनला एका अभिनेत्रीपासून लग्नाआधी झालेला मुलगा होता, हर्बर्ट. आईबापांनी नंतर लग्न केलं तरी इंग्लिश कायद्याने तो किताबाला अपात्रच राहिला. तो राजकारणात गेला, मंत्री झाला आणि 1895 मध्ये स्वतःच्या कर्तबगारीवर बॅरन बर्कलेअर झाला. आजही नियम तोच आहे: लग्नाआधीचं मूल, आईबापांनी पुढे लग्न केलं तरी, इंग्लंडात किताब घेऊ शकत नाही. स्कॉटलंडात घेऊ शकतं. दत्तक मूल दोन्हीकडे नाही.

लग्न कोणत्या रीतीने झालं यावरूनही अडतं. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा 1919 मध्ये रायपूरचे बॅरन झाले, वंशपरंपरागत ब्रिटिश किताब मिळालेले पहिले भारतीय. 1928 मध्ये ते गेले. मुलाने हक्क मागितला तेव्हा सवाल आला की वडिलांचं लग्न ज्या हिंदू कायद्याखाली झालं, त्यात पुरुषाला अनेक बायका करता येत होत्या, मग अशा लग्नाचा मुलगा औरस वारस धरायचा का? सिन्हा पुढे ब्राह्मो समाजात गेले होते आणि त्यांना एकच पत्नी होती. तरीही 1939 मध्ये समितीने मान्यता देईपर्यंत अकरा वर्षं गेली. ज्या साम्राज्याने किताब दिला त्याच साम्राज्याने मुलाला आईबापांच्या लग्नाचा हिशेब द्यायला लावला. मला हे संतापजनक वाटतं.

अलीकडची नवी गोष्ट म्हणजे डीएनए. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याच्या बॅरोनेटपदाचा निकाल 2016 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दिला. (बॅरोनेट हे उमराव धरत नाहीत, पण वारसाचे नियम तसेच. मुंबईचे जमशेटजी जिजीभाईंचे वंशज बॅरोनेटच.) चाचणीतून निघालं की 1919 नंतर बॅरोनेट म्हणून मिरवलेला माणूस आठव्या बॅरोनेटचा मुलगाच नव्हता. किताब त्याच्या नातवाकडे न जाता चुलत पातीकडे गेला. या निकालानंतर जुन्या घराण्यांत नमुना द्यायला सांगितलं की चेहरे पडतात, हे मी पाहिलेलं आहे.

भामटेगिरीही कमी नाही. पोर्टलंडच्या त्या भुयारवाल्या ड्यूकबद्दल त्याच्या मागे दावा निघाला की तो बेकर स्ट्रीटवर ड्रूस नावाचा दुकानदार म्हणून दुहेरी आयुष्य जगत होता आणि ड्रूसचं दफन खोटं, पेटीत प्रेतच नाही. दाव्याच्या नावाखाली लोकांकडून पैसे गोळा झाले. शेवटी डिसेंबर 1907 मध्ये हायगेटच्या दफनभूमीत पेटी उघडली. आत ड्रूसच होता.

आपल्याकडूनही चौकशा येतात: ‘आमच्या पणजोबांचे वडील अमुक लॉर्डचे धाकटे भाऊ होते, आमचा हक्क लागतो का?’ जमीन मिळायची नाही, 1999 च्या कायद्याने हाउस ऑफ लॉर्ड्समधली आपोआप मिळणारी जागाही गेली, एवढं समजून घेऊन पुढे जायचं असेल तर सुरुवात घरातल्या आठवणींपासून करू नका. आधी त्या किताबाची सनद काय म्हणते ते पाहा, कारण निम्मे दावे तिथेच संपतात. मग इकडे आलेल्या त्या पहिल्या माणसाच्या लग्नाची नोंद एन 3 मध्ये काढा. नोंदीत नवऱ्याच्या नावापुढे तो अविवाहित होता की विधुर, हे बहुधा लिहिलेलं असतं. विधुर लिहिलं असेल तर तुमच्याहून थोरली एक पाती कुठेतरी असू शकते, आणि तिचा शोध संपल्याशिवाय तुमचा अर्ज कुणी उघडूनही बघणार नाही.